आणि वास कसो येता?

नॉर्वेहून परतल्यावरच्या पहिल्या रविवारी मी भांडुपच्या घरी बाबांना फोटो दाखवत होते. मोबाइल टीव्हीला जोडला होता आणि बाबा चष्मा पुसून, खुर्ची पुढे ओढून बसले होते. आकाशभर हलणारे हिरव्या प्रकाशाचे पडदे त्यांनी पाहिले, ‘छान आहे’ म्हणाले. बर्फाचे डोंगर पाहिले, पाण्याच्या कडेला खांबांवर उभी असलेली लाल लाकडी घरं पाहिली. मग एक फोटो आला. समुद्राच्या काठाला लाकडी दांड्यांचे उंच मांडव, त्यांवर शेपटीला शेपटी बांधून लटकवलेले हजारो मासे, आणि मागे पांढराशुभ्र डोंगर. ‘थांब जरा,’ बाबा म्हणाले आणि पुढे वाकले. बराच वेळ पाहत राहिले. मनापासून काही विचारायचं असलं की ते वेंगुर्ल्याच्या बोलीवर येतात. तसेच आले. ‘आणि वास कसो येता?’

मी म्हणाले, ‘वास कसला बाबा, उणे नऊ डिग्री होतं. सगळं गोठलेलं.’

‘हं,’ असं म्हणून ते मागे टेकले. पुढचे फोटोही त्यांनी पाहिले, पण खुर्चीच्या पाठीला टेकूनच. चहा झाला, मी निघाले. स्लो लोकलमध्ये खिडकी मिळाली आणि घाटकोपर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण बाबांशी खोटं बोललो. वास होता. चांगला होता, दाट होता. गाडीतून उतरल्या उतरल्या तो माझ्यापर्यंत आला होता आणि मी मफलर नाकावर ओढून घेतला होता. फोटो काढला, दोन-तीन कोनांतून काढला आणि गाडीत येऊन बसले. इतक्या लांबून जिथवर गेले होते, तिथे मी फार तर पाच मिनिटं उभी होते, आणि तीही नाक झाकून.

बाबांनी दुसरं काहीही विचारलं असतं, किती खर्च आला, काय खाल्लं, किती तास विमान, तर मला उत्तर देता आलं असतं. पण त्यांनी वासच विचारला. बाबा तेच विचारणार, हे मला कळायला हवं होतं. ते गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणारं पोतं न् पोतं, पेटी न् पेटी मोजायची आणि कागदावर खूण करायची, हे काम त्यांनी १९६९पासून तेहेतीस वर्षं केलं. आम्ही तेव्हा वडाळ्याला क्वार्टर्समध्ये राहायचो. बाबा शिफ्ट संपवून आले की आई दारातच त्यांचा शर्ट हातात घ्यायची आणि धुण्यात टाकण्याआधी नाकाशी न्यायची. ‘आज लवंग का?’ म्हणायची. बाबा म्हणायचे, ‘झांझिबार.’ खजुराचा चिकट गोड वास आला की बसरा. गंधकाचा आला की आई तो शर्ट वेगळ्या बादलीत टाकायची आणि कुठल्या गावाचं नाव विचारायची नाही. वर्तमानपत्राच्या कागदाचे मोठाले रोल उतरले की बाबांच्या हातांना ओल्या लाकडासारखा वास यायचा आणि ते सांगायचे, थंड मुलखातला आहे. माझा भूगोल शाळेत सुरू होण्याआधी त्या शर्टांवर सुरू झाला. १९८०मध्ये इराण-इराक युद्ध पेटलं, बसऱ्याला जाणाऱ्या शत्त-अल-अरब नदीतली वाहतूक बंद पडली. पेपरात ते आलंच असेल. आमच्या घरात ती बातमी अशी आली की आई एकदा शर्ट हुंगून म्हणाली, ‘बरेच दिवसांत खजूर नाही आला हो.’

पुढे कंटेनर आले. १९८९मध्ये समोरच्या काठावर न्हावा-शेवा सुरू झालं आणि पोत्यांनी, पेट्यांनी भरलेली जहाजं हळूहळू कमी झाली. बाबांची नोकरी राहिली, काम राहिलं नाही. ‘डब्याला वास नसतो,’ ते म्हणायचे. आत काय आहे ते कागदावर लिहिलेलं असतं, तेवढंच. त्या वर्षांत त्यांचे शर्ट फक्त घामाचा आणि लोकलचा वास घेऊन घरी यायचे. आई तरी सवयीने नाकाशी न्यायचीच.

हा माणूस जगभरच्या जहाजांवर चढला, पण कुठलंही जहाज त्यांना घेऊन निघालं नाही. समुद्रावरचा त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंतचा. एकदा आम्हा मुलांना घारापुरीला नेलं होतं, तेव्हा लाँचमधून गोदीच्या क्रेन दाखवून ‘ती माझी’ म्हणाले होते.

मी मात्र निघाले. अडतिसाव्या वर्षी, स्वतःच्या पैशाने. माझ्याकडे यादी होती, जशी आता सगळ्यांकडे असते. आमच्या ऑफिसात, बिल्डिंगच्या ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक याद्यांबद्दल बोलतात. मरायच्या आधी बघायच्या जागा, एकदा तरी घ्यायलाच हवेत असे अनुभव. या याद्यांना मी नावं ठेवणार नाही. दादर-परळमध्ये आयुष्य काढलेल्या, पै पै साठवणाऱ्या माणसांना जग बघावंसं वाटतं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. आमच्या आधीच्या पिढीला काशी-रामेश्वरच्या पुढे इच्छा करायचीसुद्धा सोय नव्हती. माझी यादी मी वहीच्या शेवटच्या पानावर केली होती आणि प्रत्येक सहलीनंतर त्यावर टिक मारायचे. टॅली क्लार्कची मुलगी. मोजणं रक्तातच होतं. हुंगणं मात्र मी टाकून दिलं होतं, आणि ते केव्हा टाकलं, याचा विचार त्या दिवशी लोकलमध्ये पहिल्यांदा केला.

यादीत असलेल्या गोष्टींतलं नेमकं काय उरलं, हे आठवायला लागले तर गंमतच झाली. अंगकोर वाटचा सूर्योदय यादीत होता. पहाटे चारला उठून अंधारात तळ्याकाठी उभी राहिले, आजूबाजूला शेकडो माणसं मोबाइल उंच धरून. त्या दिवशी ढग होते. सूर्य आला तो नुसता राखाडी उजेड होऊन. गर्दी नाश्त्याला पांगली आणि मी पूर्वेकडच्या ओवरीत शिरले. तिथे जवळजवळ पन्नास मीटर लांबीची भिंत आहे आणि त्या सगळ्या भिंतीवर समुद्रमंथन कोरलेलं आहे. एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, मधे विष्णू, खाली कूर्म, वर फेसातून उडणाऱ्या अप्सरा. वासुकी धरून ओढणाऱ्या त्या रांगेत प्रत्येकाचा गुडघा सारख्याच कोनात वाकलेला. बाराव्या शतकात सूर्यवर्मन दुसरा याने हे मंदिर विष्णूसाठी बांधलं. हे सगळं मी वाचून गेले होते. पण त्या ओवरीत पाऊल टाकल्या टाकल्या जे झालं ते वाचलेलं नव्हतं. वटवाघळांचा वास आला. दमट दगड आणि वटवाघळं. हा वास मला पाठ होता. घारापुरीचा, कान्हेरीच्या आतल्या लेण्यांचा. बाबांचा हात धरून घारापुरीच्या थंड अंधारात शिरताना आलेला. कंबोडियातल्या त्या भिंतीपुढे मी सात वर्षांची झाले. बरोबरचा वाटाड्या साठीचा होता. त्याने मला मंथनाची गोष्ट त्याच्या आजीने सांगितली तशी सांगितली आणि मी त्याला माझ्या आजीची सांगितली. विष कोणी प्यायलं, हे मी सांगितलं तेव्हा त्याने नुसती मान हलवली. पोल पॉटच्या काळात तो लहान होता. त्याबद्दल तो एवढंच म्हणाला की तेव्हा आजी गोष्टी सांगायची थांबली. मग आम्ही दोघं भिंतीकडे बघत राहिलो. हातांच्या स्पर्शाने काही असुरांच्या मांड्या काळ्याभोर चकचकीत झाल्या आहेत.

इस्तंबूलबद्दल फार नाही सांगायचं. मशिदी पाहिल्या, मान दुखेपर्यंत घुमट पाहिले. पण परत जायला मिळालं तर मी एमिनोनूहून कादिकोयची बोट पकडीन. वीस मिनिटांत माणूस युरोपातून आशियात जातो आणि बोटीतली निम्मी माणसं खंड बदलताना झोपलेली असतात. विरार गाडीत झोपतात तशी, बॅग पोटाशी धरून. डेकवर डिझेलचा धूर, खारा वारा आणि छोट्या काचेच्या पेल्यातला काळा कडक चहा, सगळं एकत्र नाकात जातं. रेवसच्या लाँचमध्ये असाच वास येतो. शेजारच्या बाईने तिच्या सिमितचा, म्हणजे तीळ लावलेल्या पावाच्या कड्याचा, अर्धा भाग तोडून माझ्या हातात दिला. खायला नव्हे, समुद्रपक्ष्यांना टाकायला. आम्ही दोघींनी वाऱ्यावर तुकडे फेकले आणि पक्ष्यांनी ते हवेतच झेलले. आमची भाषा एक नव्हती. उतरताना तिने माझ्या खांद्यावरचे तीळ झटकले.

झांझिबारला मी बाबांसाठी गेले. यादीत ते नव्हतं. बाबांनी माझ्या लहानपणापासून इतक्या वेळा नाव घेतलेलं की एक दिवस तिकीटच काढलं. ऑक्टोबर होता. मुख्य बेटावरून बोटीने पेम्बाला गेले, कारण लवंगांची झाडं सगळ्यात जास्त तिथेच. धक्क्यावरून गाडी आत वळली आणि लवंग दिसायच्या आधी आली. घरांपुढे, रस्त्याच्या कडेला, जिथे ऊन पडेल तिथे चटया अंथरलेल्या आणि त्यांवर कळ्या वाळत टाकलेल्या. ताज्या कळ्या हिरव्या-गुलाबी असतात, हे मला माहीत नव्हतं. दोन-चार दिवसांच्या उन्हात त्या आपल्या ओळखीच्या तपकिरी होतात. एका अंगणात दोन मुली बसून देठ वेगळे करत होत्या, आमच्या गावी आज्या कोकमं निवडत बसायच्या तशा. त्यातल्या धाकटीने माझ्या तळहातावर मूठभर लवंगा ओतल्या. त्या गरम होत्या. उन्हाने गरम झालेली लवंग हातात धरण्याचं सुख मी कसं सांगू! तो वास नाकात थांबत नाही, डोळ्यांच्या मागे जातो. मला त्या रस्त्यावर रडू आलं, आणि ते आईच्या आठवणीने आलं. शर्ट नाकाशी धरून दारात उभी असलेली आई.

मग मुख्य बेटावरच्या जुन्या शहरात, स्टोन टाउनला परतले. कोरीव दरवाजे आहेत, त्यांवर पितळेचे मोठे खिळे, कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या ती घरं आहेत. मुंबईशी या गावाचं नातं इतकं जुनं आहे की परकं वाटायला वेळच मिळत नाही. आणि तिथेच, चर्चच्या आवारात, गुलामांच्या बाजाराची जागा आहे. १८७३मध्ये तो बाजार बंद झाला. त्याच्या आधी आफ्रिकेच्या आतल्या भागातून माणसं पकडून आणून तिथे विकली जायची, आणि त्यांतली कित्येक लवंगांच्या मळ्यांवर राबायला जायची. एक तळघर दाखवतात, त्यात मला वाकूनही नीट उभं राहता येईना. पेम्बाच्या लवंगा माझ्या पर्समध्येच होत्या आणि तळघरात त्यांचा वास येत होता. मी पटकन बाहेर आले. तो गोड वास आणि ती जागा एकत्र ठेवायला मला अजून जमलेलं नाही. दोन्ही खरं आहे, एवढंच.

घरी आल्यावर त्या लवंगांची पुडी बाबांना दिली. त्यांनी उघडली, डोळे मिटून लांब श्वास घेतला. मी वाट पाहत होते. ‘चांगली आहे,’ ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, ‘आमच्याकडे यायची तिला पोत्याचा वास असायचा. तागाचा. आणि जहाजाच्या पोटातल्या ओलीचा. ही ताजी आहे.’ मला क्षणभर वाईट वाटलं. एवढ्या लांबून मी त्यांना त्यांचं झांझिबार आणून द्यायला गेले होते आणि आणलं ते भलतंच. त्यांचं झांझिबार इंदिरा डॉकमधल्या एका शेडमध्ये होतं, आणि ते आता कुठल्याही बोटीने गाठता येत नाही.

तरी त्या वेळी मी त्यांना वास आणून दिला होता. या वेळी तेही केलं नाही.

का केलं नाही, ते मला माहीत आहे. सांगायला वेळ लागतो एवढंच. वडाळ्याच्या क्वार्टर्समध्ये पावसाळ्यात घरोघरी बोंबील भाजले जायचे आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. पण मला बाबांनी मोठ्या हौसेने लांबच्या, नावाजलेल्या शाळेत घातलं होतं. पाचवीत असताना आईने एकदा डब्यात सुकटीची चटणी आणि भाकरी दिली. मी झाकण उघडलं आणि बाकावरच्या दोघी उठून दुसरीकडे जाऊन बसल्या. कोणी काही बोललं नाही. मी झाकण लावलं. संध्याकाळी डबा भरलेला परत गेला तेव्हा आईने काही विचारलं नाही आणि पुन्हा कधी सुकट दिली नाही. पुढे आम्ही भांडुपला आलो, तिथे सोसायटीच्या फळ्यावर कोणाचंही नाव न घेता एक सूचना लागली, ‘उग्र वासाच्या पदार्थांबाबत’. त्यानंतर आई बोंबील भाजायच्या आधी स्वयंपाकघराची खिडकी लावायची, दाराखाली ओला टॉवेल सरकवायची आणि धुरात खोकत भाजायची. ती गेली २०१६मध्ये. खिडकी लावायची सवय घरात राहिली.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे मला कोणी ओळखत नव्हतं, तिथे सुक्या माशांचा वास आल्यावर माझा हात मफलरकडे गेला तो या सवयीने गेला. बरोबर टूरमधले लोक होते. त्यांच्या नाकावर हात गेले, म्हणून माझाही गेला. सगळ्यांच्या आधी गेला.

आणि मी काय झाकलं ते बघा. नॉर्वेची ही लोफोटेन बेटं आर्क्टिक वृत्ताच्याही वर आहेत, पण समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे तिथला हिवाळा जीवघेणा नसतो. दर हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातून कॉड मासे अंडी घालायला तिथे येतात. फेब्रुवारीपासून ते पकडून, डोकी काढून, दोन-दोन शेपट्या बांधून मांडवांवर चढवतात. मे महिन्यापर्यंत ते तसेच वाऱ्यात लटकतात. पाच किलोचा मासा वाळून किलोभर उरतो आणि काठीसारखा टणक होतो. चांगला माल इटलीला जातो. डोकी वेगळी ओवून वाळवतात, ती नायजेरियात जातात, तिथे त्यांच्याशिवाय रस्सा होत नाही. कॉडच्या जिभा कापायचं काम गावातली शाळकरी मुलं करतात आणि त्यावर हातखर्चाचे पैसे कमावतात. हेनिंग्सव्हर गावात तर फुटबॉलच्या मैदानाला लागूनच हे मांडव आहेत. म्हणजे मुलं माशांच्या वासात गोल मारतात, आणि ती मुलं शाळेत डबा उघडतात तेव्हा कोण उठून जात असेल?

त्याच सहलीतली ध्रुवीय प्रकाशाची रात्र सगळ्यांना ऐकायची असते. ती सुंदर होती. ट्रॉम्सोच्या बाहेर गोठलेल्या तळ्यावर चार तास उभे होतो. सूर्याकडून येणारे कण शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनला भिडतात आणि तो हिरवा पेटतो. पण डोळ्यांना तो आधी राखाडी ढगच वाटतो. हिरवा रंग आधी कॅमेऱ्याला दिसला, मला नंतर. माझ्या फोटोंत जे आहे ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा जास्त आहे. आणि माशांच्या फोटोत खूप कमी आहे. यातलं बाबांना जे हवं होतं ते मी दिलं नाही.

त्या आठवड्यात बॅग पुन्हा उघडली. मैत्रिणीसाठी घेतलेला सुक्या कॉडचा एक तुकडा बाजूच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये घट्ट बंद पडून होता. मैत्रिणीला दुसरं काहीतरी दिलं आणि पुढच्या रविवारी तो घेऊन भांडुपला गेले.

‘बाबा, त्या दिवशी मी खोटं बोलले. वास होता. मीच नाक झाकलं होतं.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही म्हणाले नाहीत. तुकडा हातात घेतला, नखाने ठोकला. लाकडावर ठोकल्यासारखा आवाज आला. नाकाशी नेला.

‘मीठ लावतत?’

‘नाही.’

‘बोंबलाकाय लावनत नाय. माशी?’

मी उत्तर देणार तेवढ्यात त्यांनीच दिलं. ‘थंडीत माशी खंयसून येतली.’ मग तुकडा परत हुंगून म्हणाले, ‘वास आत आसा. भिजत घाल, मगे येतलो.’

आम्ही तो पातेल्यात पाण्यात बुडवला. बाबांच्या सांगण्यावरून फ्रिजमध्ये ठेवला, ‘तिथली थंडी त्याला इथेही लागेल’ म्हणाले. रोज सकाळी ते पाणी बदलायचे आणि मला फोन करायचे. बुधवारी फुगला होता. गुरुवारी बोट रुतायला लागलं. शुक्रवारी फ्रिजमधल्या दुधाला वास लागला, ते दूध त्यांनी टाकलं आणि तेही मला उत्साहाने सांगितलं. रविवारी मी पोचले तेव्हा त्यांनी पातेलं ओट्यावर काढून ठेवलं होतं आणि शर्ट बदललेला होता.

झाकण उघडलं. तो वास मला सांगता यावा म्हणून मी आता नीट उभी राहिले. समुद्र त्यात होता, पण तळाचा, थंड. ओल्या दोरखंडाचा होता. जुन्या लाकडाचा, थोडा आंबूस, थोडा गोडसर. बाबा पातेल्यावर वाकले होते, चष्म्यावर वाफ नव्हती तरी त्यांनी चष्मा काढून ठेवला.

‘बोंबील न्हय हो,’ म्हणाले. ‘ह्येचो वेगळो आसा.’ आणि पुन्हा श्वास घेतला.

घरभर वास पसरत चालला होता. मी सवयीने खिडकीकडे वळले, कडीला हात लावला. बाबा मागून आले, माझा हात बाजूला केला आणि खिडकी सताड उघडली.